पार्श्वभूमी : गाठ एवढीशी, मग भूल पूर्ण कशाला?

आमच्या राणीच्या उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीला मसुराच्या डाळीएवढी गाठ आली. लॅब्रॅडॉर, वय अकरा. गाठ बुबुळाला घासायची, डोळ्यातून सारखं पाणी यायचं आणि ती पंजानं डोळा चोळत बसायची. डॉक्टर म्हणाले, "काम पंधरा मिनिटांचं आहे, पण पूर्ण भूल द्यावी लागेल." बाकावर पग घेऊन बसलेल्या काकू मध्येच बोलल्या, "एवढ्याशा गाठीला पूर्ण झोपवायचं कशाला ओ डॉक्टर? थोडी गुंगी द्या की." माझ्याही मनात तेच होतं. घरी येऊन वाचायला बसले तेव्हा दिसलं, की हा प्रश्न जवळपास भुलीइतकाच जुना आहे.

१६ ऑक्टोबर १८४६ला बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टननं ईथर देऊन लोकांसमोर शस्त्रक्रिया करवून दाखवली. पुढच्याच वर्षी एडिंबरात जेम्स सिम्प्सननं क्लोरोफॉर्म आणला. तो वापरायला सोपा, वासाला गोड, म्हणून सगळीकडे पसरला. आणि २८ जानेवारी १८४८ला इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म देताच काही मिनिटांत दगावली. क्लोरोफॉर्मनं झालेला नोंदीतला हा पहिला मृत्यू. तिच्या पायाच्या बोटाचं फक्त नख काढायचं होतं. "छोटंसंच तर ऑपरेशन" असं कोणी म्हणालं की मला आता ही मुलगी आठवते.

क्लोरोफॉर्म आधी श्वास बंद पाडतो की हृदय, यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला. तो वाद आपल्या अगदी शेजारी येऊन पोचला. सोलापूरहून नळदुर्गाच्या वाटेला लागलं की त्या काळी लवकरच निजामाचा मुलूख सुरू व्हायचा. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, एडवर्ड लॉरी या सर्जननं १८८८ आणि १८८९ साली निजामाच्या पैशातून दोन क्लोरोफॉर्म कमिशनं भरवली. दुसऱ्या वेळी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं लंडनहून डॉक्टर लॉडर ब्रंटन यांना धाडलं. या कामात डॉ. रूपाबाई फर्दुनजी याही होत्या, भूल देण्याचं काम करणाऱ्या जगातल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक. प्रयोग झाले ते मुख्यतः कुत्र्यांवर. निष्कर्ष निघाला की श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. म्हणून श्वासाकडे लक्ष ठेवा, बाकी चिंता नको. आज आपल्या कुत्र्याला सुरक्षित भूल मिळते, त्यामागे त्या मुक्या जनावरांचे जीव आहेत. हे वाचताना मला गलबलून आलं.

निष्कर्ष अर्धाच बरोबर होता. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिलं की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना शरीरात ॲड्रेनलिन (घाबरल्यावर वाढणारं संप्रेरक) उसळलं, तर हृदयाची लय बिघडून ते थेट थरथरत बंद पडतं. म्हणजे घाबरलेला रुग्ण आणि अर्धवट भूल, हीच जोडी घातक. "काम छोटं, तर भूलही थोडी" या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर मिळणं कठीण. क्लोरोफॉर्म आता गेला. पण अर्धवट झोपलेलं जनावर धडपडतं, मग श्वासनलिकेत नळी न घालताच वरून आणखी डोस, पुन्हा धडपड, पुन्हा डोस. हा प्रकार गेलेला नाही.

मग जागा बधिर करून भागत नाही का? गंमत अशी की जागेवरच्या भुलीचा जन्म डोळ्यातच झाला. १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलरनं कोकेनचे थेंब आधी बेडकाच्या, ससा-कुत्र्यांच्या आणि मग स्वतःच्या डोळ्यात घातले आणि डोळ्याची शस्त्रक्रिया बदलून गेली. पण माणसाला "हलू नका" म्हणता येतं. राणीला कसं सांगणार? एखाद्या अगदी शांत कुत्र्याची बारीक गाठ गुंगी आणि सुई यांवर निघतेही. मात्र पापणीत औषध टोचलं की ती फुगते, कडेचा आकार बदलतो, आणि ती कड तंतोतंत जुळली नाही तर केस बुबुळाला टोचत राहतात. शिवाय डोक्याचा एक झटका आणि खाली बुबुळ.

पापणीच्या कामात आणखी एक अडचण आहे, ती मला डॉक्टरांनी हात लावून दाखवली. भूल किती खोल गेली हे पाहायला बोटाचं टोक डोळ्याच्या कोपऱ्याला लावतात. पापणी मिटली तर भूल हलकी. खोल जाईल तशी ती मिटणं थांबतं, बाहुली खाली आणि आत, नाकाकडे वळते. फार खोल गेली की पुन्हा मध्यावर येते. शस्त्रक्रिया डोळ्यावरच असली की ही खिडकी हिरव्या कापडाखाली आणि सर्जनच्या हाताखाली जाते. भर म्हणून, डोळा ओढला गेला की हृदयाचे ठोके मंदावतात. ही प्रतिक्रिया १९०८ साली ॲशनर आणि डाग्निनी यांनी नोंदवली. म्हणून ठोके आणि जिभेला लावलेला, रक्तातला ऑक्सिजन मोजणारा चिमटा यांवर सतत नजर ठेवणारा दुसरा माणूस हवा.

आपल्याकडची भीती कुठून आली, तेही समजण्यासारखं आहे. सोलापूर जिल्ह्यात जनावरांचा दवाखाना म्हणजे खिलार बैल आणि पंढरपुरी म्हैस. बैल खोड्यात उभा, शिंगाच्या मुळाशी बधिर करणारी सुई, आणि काम सुरू. रवंथ करणाऱ्या जनावराला पूर्ण झोपवलं तर पोट फुगतं, पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जातं, म्हणून ते शक्यतो टाळतात, आणि ते बरोबरच आहे. कुत्र्यांसाठी बरीच वर्षं झायलाझीन-केटामाइनची जोडी चालली. दोन्ही औषधं १९६२ची. स्वस्त, यंत्राची गरज नाही. पण झायलाझीननं ठोके बरेच मंदावतात, उलटी होते. केटामाइननं डोळे उघडेच राहतात आणि मघाशी सांगितलेल्या खुणा उपयोगाच्या राहत नाहीत. थायोपेंटोन हे भुलीचं इंजेक्शन १९३४पासूनचं. ग्रेहाउंडसारख्या सडपातळ कुत्र्यांत चरबी कमी आणि यकृत ते औषध सावकाश मोडतं, म्हणून ती तासन्‌तास उठत नाहीत. आपला कारवानी शिकारी कुत्रा त्याच बांध्याचा. "भूल दिली आणि कुत्रं उठलंच नाही" अशा गोष्टी गावोगाव ऐकू येतात, त्यातल्या काहींचं मूळ इथे असावं असं मला वाटतं.

आता मिळतं ते दुधासारखं पांढरं इंजेक्शन म्हणजे प्रोपोफोल. ते शोधणारे जॉन ग्लेन हे मूळचे पशुवैद्य; २०१८ साली त्यांना त्यासाठी वैद्यकातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. तेही भराभर दिलं तर श्वास थांबतो. म्हणून सावकाश द्यायचं, श्वासनलिकेत नळी घालायची आणि पुढे आयसोफ्लुरेन या भुलीच्या वायूवर ठेवायचं. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्याला तर नळीशिवाय हात लावू नये, आणि ती काढायची घाईही करू नये.

ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात ९८,०३६ कुत्र्यांच्या भुलीची नोंद ठेवली गेली. निरोगी कुत्र्यांत दर दहा हजारांमागे सुमारे पाच मृत्यू, आजारी कुत्र्यांत सुमारे १३३. एवढा फरक. आणि दगावलेल्यांपैकी जवळपास निम्मी शस्त्रक्रिया आटोपल्यावर गेली, त्यातली बरीच पहिल्या तीन तासांत. आपण मात्र टाके पडले की गुंगीतलं कुत्रं रिक्षात घालून घरी नेतो.

राणी वरून धडधाकट दिसत होती. तरी डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, फक्त पंचेचाळीस हजार, फारच कमी. गोचीडताप अंगात मुरलेला. सोलापुरात गोचिडांची कमी नाही, आणि तो ताप असा लपून राहतो. महिनाभर गोळ्या झाल्या, रक्त पुन्हा तपासलं, मग तारीख मिळाली. उन्हाचे दिवस म्हणून सकाळी सातची वेळ, रात्रीपासून खाणं बंद. शस्त्रक्रिया झाल्यावर मदतनीस मुलगा जिभेवरच्या चिमट्याचे आकडे बघत तिच्या डोक्याशी बसून होता. अंग गार पडू नये म्हणून घरून नेलेली चादर आम्ही तिच्यावर घातली. तिनं गिळल्यासारखं केलं, मगच त्यानं नळी काढली.

काकू पगला घेऊन आल्या होत्या. "किती वेळ लागला ओ?" त्यांनी विचारलं.

"कापायला आणि शिवायला मिळून पंधरा मिनिटं," मी म्हणाले. "आम्ही इथे सातपासून आहोत." साडेदहा वाजले होते. राणीनं चादरीखालून शेपूट हलवलं.