एका गुंठ्याचा चौकोन: सोलापूरचे माळरान, नकाशा आणि वनाधिकारी

सोलापूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १४,९०० चौरस किलोमीटर आहे, आणि भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत त्यातला वनाच्छादित भाग एक टक्कासुद्धा भरत नाही. मग या जिल्ह्यात वनाधिकाऱ्याला काम तरी काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. आकडा खोटा नाही. तो कोणत्या कसोटीने काढला आहे, एवढे मात्र पाहावे लागते. वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार किमान एक हेक्टर जागेवर झाडांच्या छत्राने दहा टक्क्यांहून अधिक जमीन झाकलेली असेल, तर ती जागा वनाच्छादित ठरते. मालक कोण आणि झाडे कोणत्या जातीची, याचा विचार त्यात होत नाही. त्यामुळे निलगिरीची लागवड किंवा आंब्याची दाट बाग या हिशेबात येऊ शकते, आणि लांडगा, खोकड, काळवीट, धाविक व चंडोल हे पक्षी जिथे हजारो वर्षे नांदले ते नान्नजचे गवताळ माळरान बाहेर राहते. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि बेसाल्टच्या खडकावर वीतभर मुरमाड माती, अशा जागी गवत हीच निसर्गाची पूर्ण वाढलेली अवस्था असते. तिथे झाडे विरळ असतात, कारण त्यांनी तसेच असायचे असते.

नकाशा चुकला की संवर्धन कसे चुकते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात घडलेले आहे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर ठरवले गेले. सोलापूर आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातला एवढा मोठा मुलूख त्यात आला की शेते, वस्त्या, रस्ते, विहिरी सारेच अभयारण्याच्या आत गेले. वनखात्याच्या ताब्यातली खरी जमीन मात्र त्यात लहान-लहान तुकड्यांनी विखुरलेली होती. ज्या शेतकऱ्याने माळढोक कधी पाहिलाही नव्हता, त्याची जमिनीची खरेदी-विक्री आणि बांधकामाची परवानगी या सीमेमुळे अडू लागली. पक्ष्याविषयी गावोगाव जो राग साचला, तो पक्ष्याने काही केले म्हणून नव्हता. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने ही सीमा आखडून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली गेली. तोवर मधली वर्षे हातची गेली होती. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे आणि तेही उघड्या जमिनीवर घालते, अशा पक्ष्याच्या बाबतीत ती भरून काढणे फार कठीण असते. आज देशात माळढोकांची संख्या दीडशेच्या आसपास मानली जाते, त्यातले बहुतेक राजस्थानात आहेत, आणि या अभयारण्यातल्या नान्नजला त्याचे दर्शन ही अपवादाची गोष्ट झाली आहे.

एवढी मोठी रेघ एका दमात ओढता आली, कारण तेव्हा गावागावाच्या शिवारात उतरून माळ कुठे संपतो आणि शेत कुठे सुरू होते हे मोजण्याचे साधन हाताशी नव्हते. आता ते आहे. युरोपीय अवकाश संस्थेचे सेंटिनेल-२ उपग्रह साधारणपणे दर पाच दिवसांनी एकाच जागेचे चित्र टिपतात, आणि ही चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात. त्यांच्या मुख्य रंगपट्ट्यांत चित्राचा सर्वांत लहान चौकोन दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद, म्हणजे शंभर चौरस मीटरचा असतो. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा आहे. जुन्या मोजणीतली साखळी ३३ फुटांची होती आणि साखळीभर लांब-रुंद तुकडा म्हणजे गुंठा. त्यामुळे उपग्रहाचा चौकोन आणि सातबाऱ्यावरचा गुंठा जवळजवळ एकाच मापाचे निघतात. हा निव्वळ योगायोग आहे, पण गावात नकाशा समजावून सांगणाऱ्या वनरक्षकासाठी तो फार सोयीचा आहे. ‘पिक्सेल’ म्हटल्यावर गप्प बसणारी सभा ‘एक गुंठा’ म्हटल्यावर लगेच हिशेब मांडू लागते.

उपग्रह हिरवाई कशी ओळखतो, हे थोडे तपशिलात पाहायला हवे, कारण माळरानावरची सगळी गफलत तिथेच होते. जिवंत पानातले हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते, तर पानाच्या आतील पेशींची रचना डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परतवते. या दोन किरणांच्या परावर्तनातील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की उणे एक ते अधिक एक यांच्यामधला एक आकडा मिळतो. त्याला वनस्पती निर्देशांक म्हणतात. दाट हिरव्या पिकावर तो वर चढतो, उघड्या मुरमावर शून्याच्या जवळ येतो. आता एखाद्या अधिकाऱ्याने मार्च महिन्याचे एकच चित्र उघडले, तर त्याला उसाचे फड हिरवेगार आणि माळ उजाड दिसेल. शिवाय ज्या माळावर पूर्वी गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावली गेली, तिथला निर्देशांक पावसाळ्यानंतर शेजारच्या गवतापेक्षा जास्त काळ वर राहतो. आकड्याकडे पाहिले तर ती जागा सुधारलेली दिसते. प्रत्यक्षात, ज्या पक्ष्याला दूरवर नजर पोचेल अशी उघडी जमीन लागते, त्याच्यासाठी ती निकामी झालेली असते. जास्त हिरवे म्हणजे जास्त चांगले, हा समज कोकणात कदाचित चालून जाईल, सोलापुरात तो चालत नाही.

यावरचा उपाय म्हणजे एका चित्राऐवजी वर्षभराची चित्रे ओळीने लावणे. सोलापुरात पावसाचा मोठा भाग सप्टेंबरमध्ये पडतो. मारवेल, पवन्या, कुसळी ही गवते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरात येतात आणि पाऊस थांबला की झपाट्याने पिवळी पडतात. नेमकी त्याच सुमारास शेजारच्या काळ्या जमिनीत शाळूची पेरणी झालेली असते. तो डिसेंबर-जानेवारीत हिरवा असतो आणि फेब्रुवारीपासून काढणीला येतो. ऊस बारमाही हिरवा राहतो. वेडी बाभूळ उन्हाळ्यातही पाने राखून असते. प्रत्येकाच्या हिरवाईचा चढ-उतार वेगळ्या महिन्यात होत असल्यामुळे वर्षभराच्या आलेखावरून संगणकाला गवत, ज्वारी, ऊस आणि वेडी बाभूळ बऱ्यापैकी वेगळी करता येतात. बऱ्यापैकी एवढेच म्हणता येते, कारण दोन-तीन वर्षे पेरणीविना राहिलेले रान आणि जुने कुरण यांचे आलेख सारखेच दिसतात. या दोहोंतला फरक फक्त जमिनीवर उभे राहून कळतो, आणि त्याहून लवकर तो मेंढपाळाला विचारून कळतो.

सामुदायिक वनीकरणाचे काम इथे सुरू होते. वनाधिकारी गावात उपग्रहाचे छापील चित्र घेऊन जातो खरा, पण पहिली मांडणी बहुधा देवळापुढच्या मोकळ्या जागेत रांगोळीने होते: ओढा, पाणंद, मेंढ्यांचा वाडा, जुनी विहीर, पाणी शेवटपर्यंत टिकणारा डोह. पुरुषांचा नकाशा आणि बायकांचा नकाशा वेगळा काढून घ्यावा, असा या क्षेत्रातला चांगला रिवाज आहे. जळण, पायवाटा आणि गवत कापायच्या जागा बहुधा बायकांच्याच नकाशात सापडतात. मग शिवारफेरी काढून यातली एकेक खूण जीपीएसने नोंदवली जाते. धनगर मंडळी कोणत्या महिन्यात कोणत्या माळावर असतात आणि ज्वारी निघाल्यावर कोणाच्या शेतात मेंढ्या बसवतात, हे कळल्याशिवाय चराईचा भार किती आणि केव्हा पडतो ते सांगता येत नाही. उपग्रहाला मेंढी दिसत नाही. लांडग्याची घळ कुठे आहे तेही धनगरांनाच ठाऊक असते. घळीची ही माहिती नकाशाच्या उघड प्रतीवर येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वनाधिकाऱ्याने लोकांशी करार करून जंगल राखण्याची भारतातली सर्वाधिक सांगितली जाणारी कथा पश्चिम बंगालमधल्या अराबारीची आहे. १९७२ च्या सुमारास तिथले वनाधिकारी अजितकुमार बॅनर्जी यांनी तोडून खुरटलेले साल वृक्षांचे वन आसपासच्या गावांकडे राखणीला दिले आणि बदल्यात रोजगार, वनोपज व विक्रीच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा देऊ केला. सालाच्या बुंध्याला पुन्हा धुमारे फुटले आणि जंगल उभे राहिले. १ जून १९९० च्या केंद्राच्या परिपत्रकाने संयुक्त वनव्यवस्थापन देशभर नेले, त्यामागे हा अनुभव होता. मात्र ही रीत सोलापुरात जशीच्या तशी उतरवता येत नाही. साल राखला की वाढतो. माळावर कुंपण घालून चराई वर्षानुवर्षे पूर्ण बंद ठेवली, तर जुने वाळके गवत साचते, नवा फुटवा दबतो आणि वणव्याला इंधन मिळते. इथे प्रश्न किती, केव्हा आणि कोणी चारायचे याचा आहे, म्हणून नकाशावर चराईचे महिने लिहिलेले असणे कुंपणापेक्षा उपयोगी पडते.

अधिकाराची गुंतागुंतही आहे. माळाचा एक तुकडा राखीव वन असतो, त्याला लागूनच गायरान असते, पलीकडे खाजगी मुरमाड रान. गायरानावर वनखात्याचा हुकूम चालत नाही. वनजमिनीवर २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे, आणि गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये तो मिळवून दाखवला. गायरानासाठी मात्र २००२ च्या जैवविविधता कायद्याखालील गावसमिती आणि तिची लोकजैवविविधता नोंदवही हाच जवळचा मार्ग उरतो.

तुकडे असे एकमेकांत अडकलेले असल्यामुळे रेघ अचूक असणे फार महत्त्वाचे ठरते. सर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे एव्हरेस्ट नावाच्या पृथ्वीच्या प्रतिमानावर बेतलेले होते. जीपीएस दुसरे प्रतिमान वापरते. रूपांतर न करता एक नकाशा दुसऱ्यावर ठेवला, तर आपल्या भागात सीमा शंभर मीटरहून अधिक सरकू शकते, म्हणजे वनाची हद्द एखाद्याच्या ज्वारीत जाऊन बसते. त्यानंतर त्या शेतकऱ्याशी संवर्धनावर बोलण्यात अर्थ नसतो. म्हणून जाणता वनपाल तीन गावांच्या सीमा जिथे मिळतात ते दगड आधी शोधतो, जुन्या विहिरी आणि देवळे यांच्याशी गावनकाशा जुळवतो, आणि मगच हद्दीविषयी तोंड उघडतो.

वणव्याच्या बाबतीतही उपग्रहाची मर्यादा दिसते. उपग्रहावरून येणाऱ्या आगीच्या सूचनांपैकी जास्त बारीक असलेल्या प्रणालीचा चौकोन ३७५ मीटरचा, म्हणजे जवळजवळ पस्तीस एकरांचा असतो, आणि उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातो. गवताची आग अर्ध्या तासात माळ साफ करून विझते. त्यामुळे आगीचा हंगाम सुरू होण्याआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा गवत नसलेला पट्टा, काढणे आणि गवत कापून नेण्याचा हक्क गावाला वेळेवर देणे, हे जुनेच उपाय कामाचे राहतात. नकाशा फक्त सांगतो की जाळरेषा कुठे हवी.

या सगळ्या नोंदींचा पडताळा ऑक्टोबरात घेतात. मीटरभर लांब-रुंद चौकट माळावर ठिकठिकाणी टाकायची, आतली गवते ओळखून मोजायची, कापून वाळवून वजन करायचे आणि त्या जागेच्या उपग्रह-आकड्याशी ताडून पाहायचे. काम कंटाळवाणे आहे, पण महाविद्यालयातली मुले ते उत्तम करतात. माळरानाला पडीक जमिनीच्या रकान्यात टाकणारे नकाशे आता सौरऊर्जा प्रकल्पांच्या जागा शोधतानाही वापरले जातात. अशा वेळी ग्रामपंचायतीच्या दप्तरात गट क्रमांक, गवताच्या जाती, दर हेक्टरी चाऱ्याचे वजन आणि चराईचे महिने यांची स्वतःची नोंद असेल, तर हरकत दाखल करताना तिला निदान कागद पुढे करता येतो.