चेंडू धावतो, क्लब थांबतो : गोल्फच्या चाचणीतील हवेच्या तोफेची पार्श्वभूमी

गोल्फच्या साहित्याची चाचणी घेणाऱ्या प्रयोगशाळांत ज्याला ‘एअर कॅनन’ म्हणतात ते यंत्र प्रत्यक्षात पाहिले, तर तोफ हा शब्द त्याला फारच मोठा वाटतो. दाबलेल्या हवेची एक टाकी, झटकन उघडणारी एक झडप, आतून गुळगुळीत असलेली आणि चेंडूपेक्षा किंचितच रुंद असलेली एक नळी आणि नळीच्या तोंडापुढे प्रकाशाचे दोन पडदे, एवढाच त्याचा पसारा असतो. चेंडू मागच्या बाजूने नळीत सरकवायचा, टाकीतील दाब ठरलेल्या आकड्यावर आणायचा आणि झडप सोडायची. ताकदीचा प्रश्न येथे जवळजवळ नसतोच. ४५.९३ ग्रॅमचा चेंडू सेकंदाला १६० फूट, म्हणजे ताशी सुमारे १७५ किलोमीटर वेगाने सोडायचा असेल, तर त्याला साधारण ५५ जूल ऊर्जा लागते. नळी एक मीटर लांब धरली तर सरासरी पाच-सहा पीएसआय दाब हिशेबाने पुरतो. गाडीच्या टायरमध्ये आपण भरतो त्याच्या हा जेमतेम सहावा भाग आहे. चेंडूच्या कडेने निसटणारी हवा आणि घर्षण यांमुळे प्रत्यक्षात यापेक्षा जास्त दाब लागतो, हे खरे. पण या यंत्राची खरी कसोटी जोरात नसून एकाच वेगाने शंभर वेळा चेंडू सोडण्यात आहे. म्हणून नळीच्या तोंडाजवळ भोकेही ठेवतात. चेंडू बाहेर पडण्याआधीच मागची हवा त्यांतून निघून जावी आणि तिच्या झोताने तो हलू नये, असा त्यांचा हेतू असतो.

या यंत्राचे पूर्वज शोधायचे तर १७४२ पर्यंत मागे जाता येते. त्या वर्षी इंग्लंडमध्ये बंदुकीच्या गोळीचा वेग मोजण्यासाठी लंबक वापरल्याचे वर्णन प्रसिद्ध झाले: गोळी लोंबत्या ठोकळ्यात घुसवायची आणि ठोकळा किती झुलला त्यावरून वेग काढायचा. १८९० च्या दशकात एडिंबरा विद्यापीठातील एका भौतिकशास्त्रज्ञाने हीच युक्ती गोल्फच्या चेंडूसाठी वापरली, पण चेंडू मारण्याचे काम मात्र माणसानेच केले. गोल्फच्या इतिहासात ‘न्यूमॅटिक’ हा शब्द भेटतो तो १९०६ च्या सुमारास, आणि तेथे वाचकाची हमखास फसगत होते, कारण त्या चेंडूंत हवा मागे नव्हे तर पोटात भरलेली होती आणि उन्हात तापून ते फुटत, कधीकधी खेळाडूच्या खिशातच. हवेच्या तोफेशी त्यांचा संबंध नावापुरताच आहे. तोफेची खरी भावकी विमानउद्योगात सापडते. १९४२ मध्ये अमेरिकेत मेलेल्या कोंबड्या विमानाच्या पुढच्या काचेवर सोडण्यासाठी दाबलेल्या हवेची तोफ बांधण्यात आली होती, आणि उडत्या पक्ष्याची धडक जमिनीवर बसून तपासायची ती पद्धत आजही चालू आहे.

योगायोग असा, की त्याच १९४२ मध्ये अमेरिकेतील नियामक संस्थेने गोल्फच्या चेंडूवर वेगमर्यादा घातली. पण त्यासाठी तोफ निवडली नाही. शिकागोतील एका तंत्रसंस्थेच्या मदतीने तिने चेंडूला ठोसा देणारे यंत्र तयार करून घेतले. पुढे प्रमाण मानल्या गेलेल्या यंत्रात सुमारे अडीचशे पौंडांचे चाक फिरत असते, त्यातून बाहेर येणारा ठोकळा सेकंदाला १४३.८ फूट वेगाने स्थिर चेंडूवर आदळतो आणि चेंडूचा सुरुवातीचा वेग सेकंदाला २५० फुटांच्या वर जाता कामा नये, असा नियम आहे. या २५० वर दोन टक्के टॉलरन्स, म्हणजे मापनातील चुकीसाठी दिलेली मुभा आहे, म्हणून प्रत्यक्षातली मर्यादा २५५. ही टॉलरन्सची गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सगळा वाद तिच्याभोवतीच फिरतो. १९७६ मध्ये चेंडूच्या एकूण अंतरावरही मर्यादा आली, ती २८० यार्डांची. तिच्यावरचा टॉलरन्स पुढे सहा टक्क्यांवर स्थिरावला आणि २९६.८ यार्ड हाच खरा आकडा ठरला. ही चाचणी एका नामांकित व्यावसायिक खेळाडूच्या स्विंगवर बेतलेला यांत्रिक गोल्फर ताशी १०९ मैल वेगाने क्लब, म्हणजे गोल्फची काठी, फिरवून घेत असे. थोडक्यात, नियम करणाऱ्यांच्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकापर्यंत चेंडू टीवर, म्हणजे चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीवर, बसलेला असे आणि धावत काहीतरी दुसरेच येई.

चेंडू बनवणाऱ्यांच्या प्रयोगशाळांत मात्र उलटी पद्धत केव्हाच रुळली होती. तेथे हवेच्या तोफेतून चेंडू एका जाड पोलादी पाटावर सोडत आणि वाटेतील दोन प्रकाशपडद्यांमधून तो जाताना व परत येताना लागलेला वेळ मोजत. अंतर दोन्ही वेळा तेच, म्हणून वेगांचे गुणोत्तर काढायला फूटपट्टीचीही गरज उरत नाही: जाण्याचा वेळ भागिले परतीचा वेळ केले की झाले. हेच ते सीओआर, आपल्या भाषेत उसळीचे गुणोत्तर. ही मोजणी सामान्यतः सेकंदाला १२५ फूट वेगासाठी सांगितली जाते. वेग वाढला की चेंडू जास्त चेपतो, आतल्या आत जास्त ऊर्जा गमावतो आणि गुणोत्तर उतरते. म्हणून वेग न सांगता नुसते सीओआर सांगणे म्हणजे तापमान न सांगता दुधाची घनता सांगण्यासारखे आहे. तापमानाचेही पथ्य आहेच. चेंडू आधी कित्येक तास २३ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे लागतात.

तोफ नियमांच्या राज्यात आली ती टायटॅनियममुळे. ड्रायव्हर म्हणजे सर्वांत लांब फटक्याचा क्लब, आणि फेस म्हणजे त्याचा चेंडूवर आदळणारा पुढचा पृष्ठभाग. टायटॅनियमच्या पोकळ ड्रायव्हरचा फेस पातळ करता येतो, आणि पातळ फेस आघाताच्या वेळी जरासा आत दबून परत येतो. फेस चेंडूला ‘उडवतो’ अशी सर्वसाधारण समजूत आहे, ती अर्धवट आहे. फेस दबल्यामुळे चेंडू कमी चेपतो आणि ऊर्जेची जी नासाडी चेंडूच्या रबरात व्हायची ती कमी होते. फायदा आहे तो या वाचलेल्या ऊर्जेचा. क्लबच्या फेसचा परिणाम स्प्रिंगसारखा असू नये, असे नियमात आधीपासून लिहिलेले होतेच. प्रश्न एवढाच होता, की स्प्रिंग कशाला म्हणायचे हे त्यात कोठेही लिहिलेले नव्हते. काटेकोरपणे पाहिले तर जगातला कोणताही धातू थोडीफार स्प्रिंगच असतो.

१९९८ मध्ये अमेरिकेतील संस्थेने या वाक्याला आकडा जोडला. पद्धत अशी ठरली, की ड्रायव्हरची दांडी काढून क्लबहेड, म्हणजे क्लबचे डोके, एका ठोकळ्यावर नुसते टेकवून ठेवायचे, कोठेही आवळायचे नाही. फेस चेंडूच्या वाटेला काटकोनात आणायचा. आणि हवेच्या तोफेतून सेकंदाला १६० फूट वेगाने, म्हणजे यांत्रिक गोल्फरच्या त्या ताशी १०९ मैलांनीच, चेंडू त्यावर सोडायचा. चेंडू धावतो आणि क्लब थांबतो. पण भौतिकशास्त्राला कोण थांबले आहे याच्याशी देणेघेणे नसते, दोघांचा एकमेकांच्या संदर्भातला वेग तेवढा महत्त्वाचा असतो. क्लबहेड मोकळे ठेवण्याचे कारणही हेच आहे. खेळताना दांडी इतकी लवचिक असते, की आघाताच्या अर्ध्या मिलिसेकंदात तिचा जोर डोक्यापर्यंत पोचत नाही आणि क्लबहेड मोकळ्या ढेकळासारखेच वागते.

एक फटका जवळून पाहिला, तर वाद कशावरून झाला ते कळते. क्लबहेड २०० ग्रॅमचे आणि उसळीचे गुणोत्तर ०.८३० धरू. १६० च्या वेगाने आलेला चेंडू मागे फिरतो तो फक्त ७८ फुटांच्या वेगाने, कारण क्लबहेड स्वतः सुमारे ५५ फुटांच्या वेगाने पलीकडे ढकलले जाते. या दोन्हींची बेरीज सुमारे १३३ होते, आणि ती १६० च्या ०.८३ पट आहे. प्रकाशपडद्यांना दिसतो तो चेंडूचाच वेग, म्हणजे ०.४८८ हे गुणोत्तर. आता सीओआर ०.८२२ करून पाहिले तर तेच गुणोत्तर ०.४८२ येते. तोफेला जो फरक पकडायचा तो परतीच्या वेगात सेकंदाला एक फुटाएवढा, आणि मोजणीचे चेंडू एका डझनातून दुसऱ्या डझनात थोडे वेगळे निघतातच. म्हणून तेच चेंडू आधी एका भरीव, न दबणाऱ्या धातूच्या चकतीवर सोडून त्यांचा स्वतःचा स्वभाव वजा करावा लागे.

मर्यादा ठरली ती ०.८२२ आणि तिच्यावर ०.००८ चा टॉलरन्स. मापनातील चूक झाकण्यासाठी ठेवलेली ही ०.००८ ची फट काही महिन्यांतच मर्यादेचा भाग झाली आणि सगळा उद्योग ०.८३० हा आकडा धरून क्लब आखू लागला. ज्याने कारखान्याच्या तपासणी टेबलावर टॉलरन्सवरून एकदा तरी वाद घातला आहे त्याला याचे नवल वाटणार नाही. जेवढी मुभा द्यावी तेवढी संपूर्ण वापरली जाते, हा तेथला रोजचा अनुभव असतो. माझ्या मते १९९८ च्या निर्णयातील खरी चूक मोजण्यात नव्हती, मर्यादा सांगण्याच्या रीतीत होती. ०.८३० असा एकच आकडा जाहीर करून मापनातील अनिश्चितता संस्थेने स्वतःकडे ठेवली असती, तर पुढचा बराच गोंधळ टळला असता. दुसरा आक्षेप वेळेचा आहे. त्या वेळी मंजूर असलेला कोणताही ड्रायव्हर या मर्यादेने बाद झाला नाही, म्हणजे मर्यादा तत्त्वावरून नव्हे तर बाजारात जे होते त्याच्याकडे पाहून आखली गेली, असे उत्पादकांना म्हणता आले. आणि त्यांनी ते म्हटलेच.

त्याहून मोठी अडचण स्कॉटलंडमधून आली. अमेरिका आणि मेक्सिको सोडून उरलेल्या जगासाठी नियम करणाऱ्या तेथील संस्थेने २००० मध्ये या मर्यादेची गरज नसल्याचे सांगितले. एकाच खेळाचे नियम दोघे मिळून लिहीत असताना एकाच ड्रायव्हरवर दोन निकाल लागले: अटलांटिकच्या एका बाजूला बाद, दुसऱ्या बाजूला चालू. भारतात दुसऱ्या संस्थेचे नियम चालत असल्याने अमेरिकेत बाद ठरलेला ड्रायव्हर मुंबई-पुण्याच्या कोर्सवर बिनदिक्कत वापरता येत होता. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत अमेरिकेतील एका दिग्गज खेळाडूने असा बाद ड्रायव्हर हौशी खेळाडूंनी वापरायला हरकत नाही, असे उघडपणे म्हटले आणि प्रकरण प्रयोगशाळेतून वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांवर गेले. मे २००२ मध्ये दोन्ही संस्थांनी एकत्र येऊन तडजोड मांडली: अव्वल स्पर्धांना ०.८३०, बाकीच्यांना काही वर्षे ०.८६०. ऑगस्टपर्यंत अमेरिकेने ०.८६० सोडून दिले. अखेरीस तेथे सर्वांसाठी ०.८३० राहिले, इतरत्र २००३ पासून फक्त अव्वल स्पर्धांना ते लागू झाले आणि १ जानेवारी २००८ पासून सर्वांना. ०.८६० टिकले असते, तर हौशी खेळाडूसाठी वेगळी उसळी म्हणजे खेळाचे दोन तुकडेच झाले असते.

या निकालाच्या आधारावर तोफेची सत्ता पक्की व्हायला हवी होती. झाले ते उलटे. तोफेच्या चाचणीसाठी दांडी काढावी लागे, म्हणजे तपासलेला क्लब खेळायला परत देता येत नसे. शिवाय फेसवरची सर्वांत जास्त उसळणारी जागा शोधण्यात वेळ जाई आणि हे सगळे स्पर्धेच्या ठिकाणी नेणे अशक्यच होते. २००४ मध्ये तिच्या जागी लंबक आला. लहानसा पोलादी गोल ठोकळा फेसवर हलकेच आपटतो आणि तो फेसला किती मायक्रोसेकंद चिकटून राहिला हे मोजले जाते. फेस जितका लवचिक तितका हा काळ मोठा. मर्यादा २३९ मायक्रोसेकंदांची, टॉलरन्स १८ चा, आणि सगळ्यांच्या तोंडी असलेला आकडा अर्थातच २५७. तोच किस्सा पुन्हा घडला. १७४२ चा लंबक अशा रीतीने वेगळ्या कामासाठी का होईना, पण परत आला.

लंबकामुळे जी गोष्ट उघड झाली तिची कल्पना तोफेच्या काळात कमी होती: नवा असताना मर्यादेत असलेला ड्रायव्हर मार खाऊन खाऊन मर्यादेबाहेर जाऊ शकतो. २०१९ मध्ये उत्तर आयर्लंडमधील प्रमुख स्पर्धेआधी एका आघाडीच्या खेळाडूचा ड्रायव्हर असाच बाद झाला आणि चाचणीचा निकाल बाहेर फुटल्याबद्दल त्याने जाहीर नाराजी व्यक्त केली. आता उत्पादकच आपल्या प्रयोगशाळेत हवेच्या तोफेसमोर क्लबहेड ठेवून त्यावर हजारो चेंडू सोडतात, कधी फेस फुटेपर्यंत, आणि मध्येमध्ये लंबकाने तपासत राहतात. नियमाच्या कामातून बाजूला झालेली तोफ फेस थकवण्याच्या कामाला लागली आहे.

चेंडूच्या उड्डाणाच्या मोजणीत मात्र तिला कधीच फारसे स्थान नव्हते, कारण सरळ नळीतून निघालेल्या चेंडूला फिरकी नसते आणि गोल्फचा चेंडू फिरकीवरच तरंगतो. ते काम उलट दिशांना फिरणारे पट्टे किंवा चाके करतात. डिसेंबर २०२३ मध्ये चेंडूच्या अंतराची जी नवी चाचणी जाहीर झाली, तिच्यात मर्यादा लगतच्या आधीच्या चाचणीतलीच (१९७६ ची नव्हे), ३१७ यार्ड आणि वर तीन यार्डांचा टॉलरन्स अशी ठेवली आहे. बदलली ती परिस्थिती. क्लबहेडचा वेग ताशी १२० वरून १२५ मैल, चढाचा कोन १० वरून ११ अंश आणि फिरकी मिनिटाला २५२० वरून २२०० फेऱ्यांवर आणली. बेसबॉलमध्ये मात्र चाचणीची तोफ अजून नियमाच्याच खुर्चीवर बसलेली आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन सामन्यांत २०११ पासून धातूची बॅट मंजूर होते ती स्थिर बॅटवर तोफेतून चेंडू सोडून आणि उसळीच्या गुणोत्तराची ०.५० ही मर्यादा पाहूनच.