न कसता खाणाऱ्यांना जाब विचारणारा वैद्य: आंदो शोएकी

आंदो शोएकी (१७०३–१७६२) ईशान्य जपानमधल्या हाचिनोहे या २०,००० कोकूंच्या छोट्या संस्थानात वैद्यकी करायचा. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ. संस्थानाची पत, सामुराईचा तनखा, सगळं याच मापात मोजलं जाई.

१७४९ साली तिथे पडलेल्या दुष्काळाला ‘रानडुकरांचा दुष्काळ’ म्हणतात. शोएकी समजून घ्यायचा तर आधी हा दुष्काळ समजून घ्यायला हवा. एदो शहराला (आजचं तोक्यो) सोयाबीन हवं होतं, म्हणून इथले डोंगरउतार जाळून शेतं काढली गेली. काही वर्षांत कस गेला की ती जमीन पडीक टाकायची आणि पुढचा उतार जाळायचा. पडिकात कुडझूच्या वेली आणि नेचे माजले, त्यांच्या मुळांवर डुकरं पोसली. मग उन्हाळाच थंड गेला आणि पीक बुडालं. एरवी अशा वर्षी लोक डोंगरातली कंदमुळं खणून दिवस काढत. ती डुकरांनी आधीच उकरून फस्त केली होती. सुमारे ३,००० माणसं मेली. संकट अस्मानी होतं तेवढंच सुलतानी.

शोएकी तेव्हा तिथेच होता. त्याच्या विचाराचा कणा दोन शब्दांत आहे. ‘चोक्को’ म्हणजे स्वतः राबून पिकवणं, आणि ‘फुको दोन्शोकु’ म्हणजे न कसता अधाशासारखं खाणं. यातल्या दुसऱ्या गटात त्याने सरदार, सामुराई, भिक्षू, पंडित असे सगळे बसवले. बुद्ध आणि कन्फ्युशियस यांनाही सोडलं नाही. ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ ही दोन अक्षरं तो जोडून लिही आणि त्यांचा उच्चार ठरवी ‘हितो’, म्हणजे माणूस. त्याच्या लिखाणातली सर्वांत धीट गोष्ट हीच.

१७५३ साली त्याच्या ‘शिझेन शिन्एइदो’ या ग्रंथाचे ३ खंड छापले गेले, पण त्यांत ही धार बरीच बोथट आहे. खरा ग्रंथ १०१ भागांच्या हस्तलिखितात होता. शोएकीच्या मृत्यूनंतर शिष्यांनी त्याच्या निइदा गावात ‘शेती राखणारा देव’ म्हणून शिळा उभारली. गावातल्या बौद्ध मठाने हरकत घेतली आणि ती फोडली गेली.

हस्तलिखित १८९९च्या सुमारास कानो कोकिची या विद्वानांच्या हाती लागलं. १९२३ साली ते तोक्योच्या विद्यापीठाकडे गेलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या भूकंपानंतरच्या आगीत ग्रंथालयासह जळालं. १२ खंड तेवढे वाचायला बाहेर नेलेले होते, ते उरले.