बर्फाखालचा ठाव : फ्लॅशर निवडण्यामागची पार्श्वभूमी

फ्लॅशर, म्हणजे पाण्याखालचा तळ, आमिष आणि मासा दिव्याच्या रेघांनी दाखवणारं यंत्र, बर्फासाठी जन्मलाच नव्हता. तो होड्यांसाठी घडवला गेला, होड्यांवरून हद्दपार झाला आणि गोठलेल्या तळ्यांवर येऊन टिकला. बर्फाला भोक पाडून करायच्या मासेमारीसाठी यंत्र घ्यायला निघालेल्या माणसापुढे आज जे पर्याय येतात आणि त्यांच्या नावांचा जो घोळ आहे, तो बहुतेक या स्थलांतरातूनच आलेला आहे.

लांबचा इतिहास चार ओळींत आटपतो. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर पाण्यात आवाज सोडून हिमनगावरून परतणारा प्रतिध्वनी पकडायचे प्रयत्न जोरात सुरू झाले, १९१४ मध्ये ते जमलं. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या हुडकण्याच्या निकडीपोटी क्वार्ट्झच्या स्फटिकातून ध्वनी काढण्याची युक्ती हाती लागली. पाण्यात आवाज सोडणारा आणि परतलेला प्रतिध्वनी टिपणारा यंत्राचा भाग, म्हणजे ट्रान्सड्युसर, हा तिचाच वंशज. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी मच्छीमार बोटींवर मासे दाखवणारी यंत्रं आली. बर्फापासून लांब पळण्यासाठी काढलेली विद्या पुढे बर्फावरच ठाण मांडून बसली, ही गंमत जाता जाता.

खरी गोष्ट सुरू होते १९५९ पासून. अमेरिकेत त्या वर्षी ट्रान्झिस्टरवर चालणारी, हातात उचलून नेता येईल अशी एक हिरवी पेटी हौशी मासेमारांसाठी बाजारात आली. आत एक मोटर, मोटरवर तबकडी आणि तबकडीच्या कडेला इवलासा निऑनचा दिवा. दिवा शून्यावर आला की ट्रान्सड्युसर पाण्यात एक टिचकी सोडतो. प्रतिध्वनी परतेपर्यंत तबकडी थोडी फिरलेली असते. ती जिथे असेल तिथे दिवा क्षणभर पेटतो. बाहेरच्या कड्यावर फुटांचे आकडे असतात. जितका उशीर, तितकी खोली. पाण्यातल्या ध्वनीचा वेग ढोबळमानाने सेकंदाला ४,८०० फूट धरला, तर ६० फुटांच्या पट्टीसाठी जाऊन-येऊन १२० फूट कापायला एका सेकंदाचा चाळिसावा भाग लागतो. म्हणजे तबकडीने मिनिटाला २,४०० फेरे घ्यायला हवेत. एवढ्या वेगात डोळ्याला लुकलुक कळत नाही, एक स्थिर रेघ दिसते. हिशेब करणारा भाग या यंत्रात नाहीच. मोटरचा वेग हेच त्याचं घड्याळ.

गोठणबिंदूजवळच्या गोड्या पाण्यात ध्वनी जरा हळू चालतो, सेकंदाला साधारण १,४०० ते १,४२० मीटर. त्यामुळे ४,८०० फुटांवर बेतलेली पट्टी बर्फाखाली १० मीटर खोली ३०-४० सेंटीमीटर जास्तच दाखवते. याने कुणाचं काही बिघडत नाही. आमिष, मासा आणि तळ तिघंही त्याच प्रमाणात खाली सरकलेले दिसतात.

बर्फावर ही पेटी सुरुवातीला पाहुणीसारखी आली. उन्हाळ्यात होडीवरून काढायची, लाकडी खोक्यात बॅटरीसोबत बसवायची आणि ट्रान्सड्युसर घरीच केलेल्या कुठल्या तरी आकड्याला टांगून भोकात सोडायचा, असा मामला होता. बाकीचे दोरीला शिशाचं वजन बांधून तळाचा ठाव घेत. खोली त्यांनाही कळे. मासा आहे की नाही, ते मात्र कळत नसे.

१९८० च्या दशकाच्या मध्याला होड्यांवर एलसीडी पडदे आले आणि तबकडीचे दिवस भरले. होडी पुढे सरकत असते, त्यामुळे मागे काय पडलं याचा आलेख तिथे फार कामाचा. तबकडीला आठवण नसते; लक्ष दुसरीकडे गेलं की दिसलेलं गेलं. होडीवाल्यांनी ती सोडली यात नवल नाही.

बर्फावर मात्र नेमकं उलट घडलं. इथे माणूस एका भोकावर बसलेला असतो, त्यामुळे सरकणारा आलेख तळ्याचा नसतो, फक्त गेलेल्या वेळेचा असतो. भोकाखाली पाच मिनिटं स्वस्थ राहिलेला बोटभर मासा पडद्यावर लांबलचक पट्टा काढतो आणि नवख्याला वाटतं, खाली धूड आलं. शिवाय त्या काळचे एलसीडी थंडीत आळसावत. एलसीडीतला द्रवस्फटिक गारठला की हळू वळतो. शून्याखाली २० अंशांवर पडद्यावरचं चित्र मागे ओढल्यासारखं फरफटे. दिव्याला थंडीचं सोयरसुतक नव्हतं.

त्याच दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटा आणि आसपासच्या राज्यांत बर्फावर बसण्याची रीतच बदलली. आधी एका जागी झोपडी उभारून दिवसभर तिथेच बसत. आता इंजिनावर चालणारं हलकं गिरमिट, ओढत न्यायचा स्लेज-तंबू आणि बादलीत मावणारा फ्लॅशर, अशी त्रयी जमली. भोक पाडायचं, आत बघायचं, काही नसलं तर पुढे निघायचं. या पद्धतीचा प्रसार करणाऱ्यांनीच फ्लॅशरला दुसरा जन्म दिला, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. बर्फासाठीच बनवलेले तीन रंगांचे फ्लॅशर याच लाटेवर रुळले. त्यांच्या नेहमीच्या मांडणीत हिरवा म्हणजे क्षीण प्रतिध्वनी, केशरी मध्यम आणि लाल जोरकस.

रंगांमुळे काय बदललं ते भोकापाशी बसूनच कळतं. पट्टीवर २४ फुटांना तळाचा जाड लाल पट्टा. २२ फुटांवर आपल्या आमिषाची केसाएवढी हिरवी रेघ. हात हलवला की तीही हलते. मग तळाला चिकटून एक हिरवी कडा सुटते. ती केशरी होते, तळापासून अलग होते, वर सरकते. ध्वनी खाली शंकूसारखा पसरतो; मासा त्या शंकूच्या कडेकडून मध्याकडे येतोय. आमिष जरासं वर घ्यायचं. लाल झालेली रेघ पाठोपाठ येते आणि दोन्ही रेघा एक होतात. हाताला झटका बसतो तो त्यानंतर. रंगावरून माशाचा आकार मात्र ठरवू नये. प्रतिध्वनीचा मोठा वाटा माशाच्या वाताशयातल्या, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीतल्या, वायूचा असतो आणि मध्यावरचा लहान मासा कडेच्या मोठ्या माशापेक्षा लालभडक दिसू शकतो.

आता मुख्य गुंता. फ्लॅशर म्हणायचं कशाला?

शब्दाचा मूळ अर्थ सरळ आहे: ज्यात दिवा फिरतो आणि लखलखतो तो फ्लॅशर. पुढे मोटर नसलेली, एलसीडीवर गोल कडं रेखाटणारी यंत्रं आली आणि तीही फ्लॅशर म्हणूनच विकली गेली. मग आलेख काढणाऱ्या यंत्रांनीही पडद्याच्या कडेला एक उभा पट्टा दिला, त्यात फक्त आत्ताचा क्षण, आणि त्याला ‘फ्लॅशर मोड’ म्हटलं. शब्द यंत्रणेवरून उठला आणि दाखवण्याच्या पद्धतीवर जाऊन बसला. कर्मठ लोक अजून म्हणतात, मोटर नाही तर फ्लॅशर नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की मासा दिसला, आमिष दिसलं, वेळेत दिसलं. आत काय फिरतं याच्याशी काय देणंघेणं?

‘वेळेत’ या शब्दावरच सगळं अडतं. तबकडीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हुकमी शब्द म्हणजे ‘रिअल टाइम’, घडतं त्याच क्षणी दिसणं, आणि तो दोन्ही बाजूंनी बेफाम वापरला गेला आहे. पाण्याच्या हिशेबाने उशीर नगण्य: १० मीटरवरून प्रतिध्वनी यायला सुमारे १४ मिलिसेकंद. उशीर होतो तो नंतर. तबकडी आलेला प्रतिध्वनी त्याच फेऱ्यात दाखवून मोकळी होते. डिजिटल यंत्र अनेक टिचक्यांची सरासरी काढतं, खोटे ठिपके गाळतं आणि मग पडदा रंगवतं. सुरुवातीच्या यंत्रांत हा उशीर हाताला जाणवे: आमिष उचललं तरी रेघ क्षणभर जागेवरच राही. माशाला चिडवून वर ओढायचं असतं तेव्हा हा क्षण महागात पडतो. मधल्या वर्षांत प्रोसेसर वेगवान झाले, पडदे सुधारले आणि चांगल्या डिजिटल यंत्रांतला उशीर जाणवेनासा झाला. वाद मात्र जुन्याच यंत्रांच्या आठवणींवर चालू आहे. तबकडीवाल्यांचं आजचं सर्वांत बळकट म्हणणं वेगाचं नाही, साधेपणाचं आहे: हातमोजे घातलेल्या हाताने फिरतील अशी मोजकी बटणं आणि भर उन्हात बर्फाच्या चकाकीतही वाचता येणारी रेघ. त्याची किंमत म्हणजे मोटरची घरघर आणि कधी ना कधी झिजणारे भाग. माझा कल तबकडीकडे आहे हे लपवत नाही, पण तिच्या बाजूने ‘रिअल टाइम’चा दाखला देणं आता सोडून द्यायला हवं.

या भांडणात जी गोष्ट मागे पडते ती म्हणजे ट्रान्सड्युसरचा कोन. बर्फावरच्या यंत्रांसोबत ९, १२, १९ किंवा २० अंशांचे शंकू येतात. १० मीटर खोलीवर २० अंशांचा शंकू तळाचं सुमारे साडेतीन मीटर व्यासाचं वर्तुळ व्यापतो, ९ अंशांचा जेमतेम दीड मीटरचं. ऐकणारा साहजिकच रुंद कोन मागतो. पण यंत्राला दिशा कळत नाही, अंतर तेवढं कळतं. तळ उतरता असेल तर शंकूची चढाकडची कड आधी तळाला लागते आणि त्या अंतराच्या पलीकडलं सगळं तळाच्या लाल पट्ट्यात गडप होतं. १० मीटर खोलीवर २० अंशांचा उतार धरला, तर रुंद शंकूत भोकाच्या बरोबर खालचे सुमारे ४६ सेंटीमीटर पाणी असं झाकलं जातं, अरुंद शंकूत सुमारे २५. वॉलआय आणि पर्च हे मासे नेमके याच थरात, तळाला पोट घासत फिरतात. क्रॅपी अधांतरी राहणारा मासा, त्याच्यासाठी उथळ पाण्यात रुंद कोन चांगला. खोल पाण्यातल्या लेक ट्राउटला अरुंदच हवा. आणखी एक मेख: कोन मोजताना ध्वनीचा जोर किती घटला की कड मानायची हे कंपनीगणिक बदलतं. तोच ट्रान्सड्युसर एका हिशेबाने २० अंशांचा आणि दुसऱ्याने बराच जास्त ठरतो.

यंत्राची ताकद सांगणाऱ्या वॅटच्या आकड्यांचंही तेच. ‘पीक टू पीक’ने, म्हणजे लहरीच्या टोकापासून टोकापर्यंत मोजून, सांगितलेला आकडा आरएमएसच्या, म्हणजे एक प्रकारच्या सरासरीच्या, आठपट असतो, ३,२०० आणि ४०० हे एकाच यंत्राचे आकडे असू शकतात. जवळजवळचे दोन प्रतिध्वनी वेगळे दिसणं टिचकीच्या लांबीवर ठरतं. १०० मायक्रोसेकंदांच्या टिचकीला ७ सेंटीमीटरच्या आतले आमिष आणि मासा एकच वाटतात. २०१० च्या दशकात बर्फावरच्या यंत्रांत आलेल्या चर्प तंत्रात एका सुराऐवजी सरकता सूर सोडतात, त्यामुळे हे अंतर आणखी खाली आलं.

शेजारी-शेजारी भोकं पाडून बसलेल्यांची यंत्रं एकमेकांचे प्रतिध्वनी ऐकू लागली की पट्टीवर भुतासारख्या रेघा फिरतात. त्या घालवण्याचं बटण बहुतेक यंत्रांत असतं. बॅटरीत शिसं-आम्लाच्या १२ व्होल्टच्या जागी लिथियम आली, वजन निम्म्याहून कमी झालं. फक्त ती शून्याखालच्या तापमानात चार्ज करायची नसते, घरात आणून ऊब आल्यावरच करायची.

२०१८ पासून सगळ्या चर्चेवर लाइव्ह सोनारने कब्जा केला आहे. फ्लॅशर फक्त खाली बघतो. हे यंत्र आडवं बघतं आणि दहा-वीस मीटरवरून येणारा मासा चित्रात पोहताना दाखवतं. मासे शोधण्यासाठी भोकं पाडत हिंडण्याची गरज त्याने बरीच कमी केली. त्यावरून ‘ही मासेमारी की शिकार?’ असा वाद पेटला आणि २०२५ च्या हंगामात होड्यांवरून बास मासे पकडण्याच्या काही मोठ्या स्पर्धांनी त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या. त्याची बॅटरीची भूक फ्लॅशरच्या कित्येक पट आहे, आणि ट्रान्सड्युसरचा दांडा हाताने फिरवत मासा हुडकताना गळ सांभाळायला एकच हात उरतो. म्हणून आता एकाच स्लेजवर दोन पेट्या दिसतात: मोठ्या पडद्याची शोधायला, छोटी तबकडी भोकापाशी ठेवायला. दुसरी पेटी ओढायची नसेल त्यांच्यासाठी नव्या पडद्यांच्या मेनूतही गोल कड्याचं ते चित्र ठेवलेलं असतं, फुटांच्या आकड्यांसकट.