एचटीएलव्ही-१ आणि मज्जारज्जूचा विकार

हॅम/टीएसपी : पायांतली ताकद ओसरत जाऊन ते ताठ होणे, हे मुख्य लक्षण असलेला मज्जारज्जूचा दीर्घकालीन विकार. एचटीएलव्ही-१ या विषाणूमुळे तो होतो; माणसात सापडलेला हा पहिला रेट्रोव्हायरस (आरएनएपासून डीएनए बनवून पेशीत ठाण मांडणारा विषाणू). सुरुवात चोरपावलांनी होते : कंबर दुखते, पाय जड होतात, लघवी आवरत नाही. बुद्धी बहुधा शाबूत राहते.

विषाणू सापडण्याच्या कितीतरी आधीपासून जमैकातील डॉक्टर असे रुग्ण पाहत होते. क्रुकशँक यांनी १९५६ मध्ये त्यांचे वर्णन केले. कुपोषण, कसावातील विषारी द्रव्य, यॉजसारखा (त्वचा व हाडांचा जिवाणूजन्य रोग) जुना संसर्ग असे सगळ्यांवर संशय घेऊन झाले. सेशेल्स बेटे आणि कोलंबियातील तुमाको येथेही हेच चित्र होते.

१९८० मध्ये अमेरिकेत गॅलो यांच्या प्रयोगशाळेत हा विषाणू मिळाला, पण टी-पेशींच्या (पांढऱ्या रक्तपेशींच्या एका प्रकाराच्या) कर्करोगाच्या रुग्णात. त्यामुळे मज्जासंस्थेकडे कुणाचे लक्ष गेले नाही. धागा जुळला तो १९८५ मध्ये, कॅरिबियनमधील मार्टिनिक बेटावर. जेसें व सहकाऱ्यांनी तपासलेल्या १७ रुग्णांपैकी १० जणांच्या रक्तात या विषाणूची प्रतिपिंडे निघाली. तुलनेसाठी घेतलेल्या इतरांत हे प्रमाण जेमतेम ४ टक्के होते. पुढच्याच वर्षी ओसामे यांनी जपानमधील कागोशिमा येथून असेच रुग्ण नोंदवले. कागोशिमा उष्णकटिबंधात नाही, म्हणजे ‘ट्रॉपिकल स्पॅस्टिक पॅरापॅरेसिस’ (टीएसपी, पायांचा उष्णकटिबंधीय ताठर दुबळेपणा) या जुन्या नावातले ‘उष्णकटिबंधीय’ हे विशेषण तोकडेच ठरले. तरी ते टिकले. आज ‘हॅम’ (एचटीएलव्ही-१ शी निगडित मज्जारज्जूविकार) आणि ‘टीएसपी’ ही दोन्ही नावे जोडून ‘हॅम/टीएसपी’ म्हणतात.

जगात निदान ५० लाख ते १ कोटी लोक विषाणूवाहक असावेत, असा अंदाज आहे. बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. जपानी वाहकांत या विकाराचा धोका सुमारे ०.२५ टक्के आहे, कॅरिबियनमध्ये त्याहून बराच जास्त. रक्तपेशींत विषाणूचा भार जितका अधिक, तितका धोका मोठा. विषाणू मुख्यतः चेतापेशींवर हल्ला करत नाही. बाधित टी-पेशी मज्जारज्जूत, विशेषतः छातीच्या भागात, शिरतात. त्यांना मारायला शरीराच्या संरक्षक पेशी मागोमाग येतात आणि त्या दाहात सुक्याबरोबर ओलेही जळते.

संसर्ग आईच्या दुधातून, शरीरसंबंधातून व रक्तातून होतो. जपानने १९८६ मध्ये रक्तदात्यांची तपासणी सुरू केल्यावर रक्त घेतल्यानंतर होणारे हॅमचे रुग्ण घटले. भारतात हा संसर्ग विरळ आहे आणि रक्तपेढ्यांच्या सक्तीच्या चाचण्यांत त्याचा समावेश नाही. लाखोरी डाळ सतत खाल्ल्याने होणाऱ्या लॅथिरिझममध्येही पाय असेच ताठरतात. निदान करताना आहाराची चौकशी म्हणूनच आवश्यक असते.