रिव्हॉल्वर कधीच जॅम होत नाही, हे कितपत खरं?

"रिव्हॉल्वर जॅम होतच नाही, स्वस्तातली छोटी घेतली तरी डोळे झाकून भरवसा ठेवा" हे वर्षानुवर्षं फिरतंय. अर्धं खरं आहे, म्हणून पटतंही पटकन. काडतूस फुसकं निघालं तर ट्रिगर परत ओढला की पुढचं समोर येतं, मॅगझिनची भानगडच नाही.

पण रिव्हॉल्वरही अडकते, आणि अडकली की बऱ्याचदा जागेवर सुटत नाही. हलक्या रिव्हॉल्वरला झटका जोरात बसतो, त्याने न उडालेल्या काडतुसातली गोळी हळूहळू पुढे सरकते आणि सिलिंडरच्या (काडतुसं बसतात त्या फिरत्या नळकांड्याच्या) तोंडाबाहेर आली की सिलिंडर फिरायचाच थांबतो. शिवाय एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या, चांदणीखाली न जळलेल्या दारूचे चार कण बसले तरी सिलिंडर नीट बंद होत नाही.

आता किंमत. कमी किमतीत बहुतेकदा फिनिशिंग आणि तपासणीवर कात्री लागते, म्हणून एकाच मॉडेलचे दोन नग वेगळे निघू शकतात, तेव्हा नावापेक्षा हातातला नग बघा. आधी सिलिंडरचा प्रत्येक खण रिकामा आहे याची खात्री, तोंड सुरक्षित दिशेला. मग हॅमर (मागचा घोडा) अंगठ्याने सावकाश मागे घ्या, तो पूर्ण मागे जाईपर्यंत सिलिंडर टक्कन लॉक व्हायला हवा, आणि हे प्रत्येक खणाला, एकदा जमलं म्हणून सोडायचं नाही. (रिमफायर, म्हणजे काडतुसाच्या कडेवर पिन आपटून उडणारी, असेल तर रिकामा ट्रिगर दाबत बसू नका, पिन खणाच्या कडेवर आपटू शकते.)

खरी परीक्षा शूटिंग रेंजवरच. जी काडतुसं वापरणार तीच भरा, शेवटचं सोडून बाकीची उडवा, आणि ते शेवटचं बाहेर काढून त्याची लांबी डब्यातल्या कोऱ्या काडतुसाशी ताडून बघा; वाढली असेल तर गोळी झटक्याने पुढे सरकतेय.