हंडीतली घंटा गप्प का होते?

गेल्या जुलैत देवगडजवळच्या एका शाळेत काचेच्या हंडीचा, म्हणजे बेल जारचा, प्रयोग दाखवायला गेलो होतो. बाहेर पाऊस कोसळत होता. हंडीच्या घासलेल्या कडेला ग्रीस लावलं, ती तबकडीवर दाबून बसवली आणि पंप सुरू केला. काचेआड क्षणभर पांढुरकं काहीतरी तरळलं. "सर, धुकां इलां!" पुढच्या बाकावरची मुलगी ओरडली. धुकंच होतं ते. हवा झटकन प्रसरण पावली की थंड होते, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत बाष्पाला काय तोटा!

मग आतली विजेची घंटा हळूहळू ऐकू येईनाशी झाली. टोला मात्र तसाच आपटताना दिसत होता. "माध्यम संपलं, आवाज संपला," हे उत्तर मुलांना पाठ होतं. ते अर्धंच खरं आहे.

शाळेतल्या पंपाने हवा संपत नाही. समजा शंभरावा भाग उरली. तरीही रेणू दोन टकरींच्या मध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकंही अंतर जात नाही. सेकंदाला 1000 कंपनांच्या आवाजाची तरंगलांबी असते 34 सेंटिमीटर. म्हणजे आवाज वाहून न्यायला ही हवा पुरेशी आहे. त्याचा वेगही बदलत नाही, कारण दाब आणि घनता एकाच प्रमाणात घटतात. अडतं ते देवघेवीत. वल्हं पाण्यात मारलं की होडी सरकते. तेच पाण्याबाहेर मारलं तर हात नुसता फिरतो. विरळ हवेत घंटेचं तसंच होतं. ती थरथरते, पण तिला रेटायला पुरेसे रेणूच सापडत नाहीत. जी थोडी ऊर्जा हवेत उतरते, तिला पुढे जड काच हलवायची असते. विरळ हवेला ते आणखी कठीण. घनता गुणिले ध्वनीचा वेग, या गुणाकाराला ध्वनिरोध म्हणतात. दोन माध्यमांच्या ध्वनिरोधात जितकी तफावत जास्त, तितका आवाज सीमेवरून मागे फिरतो.

माध्यम खरोखर संपतं ते अंतराळात. म्हणूनच "सूर्यातून ॐकार ऐकू येतो" हे व्हॉट्सअॅपवरचे व्हिडिओ पुढे पाठवू नका. सूर्याच्या पृष्ठभागाची कंपनं प्रकाशावरून मोजतात आणि कानांना कळावीत म्हणून हजारो पट वेगवान करतात. पंधरा कोटी किलोमीटर ओलांडून आवाज येत नाही.

प्रयोग करणार असाल तर घंटा रबरावर टांगा, नाहीतर आवाज आधारातून बाहेर येतो. 1660 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत रॉबर्ट बॉइलनेही घड्याळ दोऱ्यानेच टांगलं होतं. आणि चरा गेलेली हंडी मुळीच वापरू नका. 25 सेंटिमीटर व्यासाच्या तोंडावर सुमारे 500 किलोचा भार येतो.

शेवटी झडप उघडायला त्याच मुलीला बोलावलं. हवा सूं करत आत शिरली आणि घंटा पुन्हा खणखणू लागली.